पलंगाखालचे सात डबे

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईला इमारतीत सगळे काचवाली म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे. धाकट्याच्या वेळी नोकरी सुटली, तेव्हा वेळ जावा म्हणून तिनं स्वयंपाकघराच्या दाराची काच रंगवली होती. ती एका शेजारणीनं पाहिली, मग त्या शेजारणीच्या बहिणीनं, आणि दोन-तीन वर्षांत लोक कपाटांच्या, दारांच्या, दिव्यांच्या काचा घेऊन जिने चढायला लागले. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी. तो म्हणे, "गावभरच्या लिफ्ट मी चालू करतो, आणि स्वतःच्या घरी काचा डोक्यावर घेऊन तीन मजले चढतो."

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर एक जुनं दार आडवं टाकून तिनं कामाची जागा केली होती. त्याच टेबलाच्या एका टोकाला अकरा वर्षांची थोरली अभ्यासाला बसे. चार वर्षांचा धाकटा टेबलाखाली गाड्या फिरवी. रंगवलेल्या काचा आतल्या खोलीत, भिंतीला लावलेल्या फळ्यांवर आडव्या वाळत. रंगांचे, थिनरचे डबे पलंगाखाली.

कामाला शिस्त लागे. आधी काच स्पिरिटनं पुसायची, खाली नक्षीचा कागद सरकवायचा, मग नळी दाबत काळी रेघ सोडायची. रेघ वाळली की तिच्या आत रंग भरायचा आणि आलेले बुडबुडे टाचणीनं फोडायचे. त्यानंतर पूर्ण दिवसभर त्यावर धुळीचा कणही बसता कामा नये. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. चादरी झटकायच्या नाहीत, पळायचं नाही. "काच वाळतेय," एवढं म्हटलं की धाकटा आपोआप चवड्यांवर चालायला लागे.

त्या महिन्यात तिच्याकडे आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना बाहेर बसायच्या खोलीसाठी आठ तावदानं हवी होती: मासे, शेवाळ, शिंपले. "मुलं माशांकडे बघत बसली की निम्मं रडणं तिथेच थांबेल," असं त्या म्हणाल्या होत्या. पाच तावदानं झाली होती. सहाव्यावर तिनं एका मोठ्या माशाचे खवले काढायला घेतले होते, त्या दुपारी बेल वाजली.

दारात सेक्रेटरी उभे. इमारतीच्या समितीचं सगळं तेच बघत. माणूस गरीब स्वभावाचा, पण कागद हातात आला की वेगळाच व्हायचा. आज त्यांच्या हातात कागद होता.

"वहिनी, तक्रार आलीय. मी काही मनाचं बोलत नाही हं. तुम्हीच वाचा."

कागद छापील होता. 'माननीय सेक्रेटरी यांस. तिसऱ्या मजल्यावर काचा रंगवणाऱ्या घरात ज्वलनशील द्रवाचे सात डबे पलंगाखाली ठेवले आहेत. त्या खोलीत लहान मूल झोपते. खिडक्या दिवसभर बंद असतात. कृपया चौकशी करावी. एक हितचिंतक.'

"बघावं लागेल," सेक्रेटरी चप्पल काढत म्हणाले.

आतल्या खोलीत त्यांनी गुडघे टेकले, चादर वर केली आणि बोटानं मोजलं. चार थिनरचे, तीन टर्पेंटाइनचे. सात. तिला स्वतःला आकडा माहीत नव्हता. पाच-सहा असतील, एवढंच तिनं धरलं होतं.

"पंधरा दिवसांनी समितीची बैठक आहे," ते उठत म्हणाले. "तोवर हे इथून हलवा. नाहीतर काम बंद करा असं सांगायची पाळी येईल माझ्यावर."

ते गेले, पण तिच्या डोक्यात सातचा आकडा अडकून बसला. जिन्यातून जाता-येता नाकाला वास लागला म्हणून कुणी तक्रार करणं वेगळं. हे ज्यानं लिहिलं होतं, त्यानं पलंगाखाली वाकून डबे मोजले होते. म्हणजे घरात येणारं, आतल्या खोलीपर्यंत येणारं माणूस. अशी माणसं होती किती?

पहिल्या नर्सबाई. खालच्याच मजल्यावर एकट्या राहत. निवृत्त झालेल्या, मूलबाळ नाही. धाकट्यावर त्यांचा जीव. रोज दुपारचे दोन तास तो त्यांच्याकडे असे, म्हणून तर काम होई. पण मागे एकदा त्या म्हणाल्या होत्या, "अगं, हा वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. खिडकी उघडत जा की." आणि गेल्या आठवड्यात धाकट्याची छाती तपासायला त्या आत पलंगावर बसल्या होत्या. चांगली दहा मिनिटं.

दुसरी नणंद. दर रविवारी येई आणि आल्या आल्या नाकाला पदर लावी. "आमच्या दादाला आपल्याच घरात पाय पसरायला जागा नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. येताना बॅग आतल्या पलंगावर ठेवी, जाताना तिथेच बसून केस विंचरी.

आणि तिसरा... तिसऱ्याचा विचार मनात आला तशी तिनं तो झटकून टाकला. पण संध्याकाळी नवऱ्याला कागदाचं सांगितलं तेव्हा तो बूट काढता काढता नुसतं म्हणाला, "असेल कुणीतरी. सोड ना." ना राग, ना आश्चर्य. महिन्याभरापूर्वीच तो म्हणाला होता, 'कधीतरी या टेबलावर जेवायला मिळेल का गं?' झटकलेला विचार परत येऊन बसला.

"आई, ज्वलनशील म्हणजे लगेच पेट घेणारं ना?" टेबलाच्या टोकाकडून थोरलीनं विचारलं.

"तू अभ्यास कर गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून धाकट्याला खाली पाठवणं तिनं बंद केलं. नर्सबाई दोनदा वर आल्या. "आज नाही आला पोरगा?" "झोपलाय," तिनं दार अर्धंच उघडून सांगितलं. खरंच तो आतल्या खोलीत झोपलेला असे, वाळणाऱ्या माशांच्या खाली. त्याचा कोरडा खोकला अधूनमधून बाहेर ऐकू येई. हवा बदललीय, असं ती स्वतःला सांगे. तीन तावदानं बाकी होती.

काम करताना पूर्वी तिचं मन शांत होत असे. आता रेघ सोडता सोडता हात थांबे. नणंद मागच्या रविवारी आत इतका वेळ काय करत होती? नर्सबाईंकडे छापील कागद कुठून येणार? त्यांचा भाचा एका कचेरीत आहे. नवऱ्याच्या कामावर तर छपाईचं यंत्रच आहे. एका माशाचं शेपूट तिनं दोनदा पुसून काढलं.

चौथ्या दिवशी तिला युक्ती सुचली. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगायच्या. पुढच्या तक्रारीत जी गोष्ट येईल, तिच्यावरून माणूस कळेल. दिवसभरात पहिल्यांदाच तिला हुशारी आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नर्सबाई खोकल्याचं औषध घेऊन आल्या, तेव्हा ती हसून म्हणाली, "डबे माळ्यावर टाकले हो सगळे. बरं झालं, एक कटकट गेली." नर्सबाई म्हणाल्या, "चांगलं केलंस," आणि धाकट्याच्या गालाला हात लावून गेल्या.

रविवारी नणंद आली. थोरली तिच्यासाठी पाणी घेऊन आली, तेव्हाच काचवाली म्हणाली, "वन्सं, आता वास येणार नाही तुम्हाला. डबे गॅलरीत ठेवलेत, पत्र्याच्या पेटीत."

"मला तर अजून येतोय," नणंद म्हणाली.

नवऱ्याला तिनं जेवताना सांगितलं, डबे रंगाच्या दुकानदाराकडे ठेवायला दिलेत, लागेल तेवढं रोज बाटलीत आणते. तो म्हणाला, "हं," आणि धाकट्याला घास भरवला. खोटं अंगवळणी पडायला वेळ लागत नाही, हे तिला तेव्हा जाणवलं. तिनं आतल्या पलंगावरची चादर जमिनीला टेकेल इतकी खाली ओढून ठेवली. डबे होते तिथेच होते. तीन मजले उतरून ते कुठे नेऊन ठेवायचे आणि दर तासाला कुठून आणायचे?

दोन दिवसांनी ती थोरलीला शाळेतून घेऊन येत होती. धाकटा कडेवर. दुसऱ्या मजल्यावर नर्सबाई दार पुसत उभ्या.

"ऐक ना," त्या म्हणाल्या, "डबे माळ्यावर ठेवलेस म्हणतेस, पण वास तसाच आहे गं. आणि याचा खोकला मला बरा वाटत नाही. माझ्याकडे राहू दे दुपारचा."

माळ्यावर. तो एक शब्द तिच्या कानात वाजला. आठ दिवस साठलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"चौकशी पुरे झाली!" ती म्हणाली. जिन्यात आवाज घुमला. "तुम्हाला कधी पोरं सांभाळत काम करावं लागलं नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला वेळ मिळतो. काय लिहायचं ते लिहा सेक्रेटरींना. माझ्या मुलाला मात्र हात लावू नका."

नर्सबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एकदा त्यांनी थोरलीकडे पाहिलं, मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. जोरानं नाही, हळूच.

थोरली जिना चढताना कठड्याला धरून चालत होती. घरात आल्यावर ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

त्यानंतर तीन दिवसांनी सेक्रेटरींनी काचवालीला आपल्या घरी बोलावलं. टेबलावर दुसरा कागद होता. तिनं तो उभ्यानंच वाचला.

'माननीय सेक्रेटरी यांस. डबे हलवलेले नाहीत. ते माळ्यावर नाहीत, गॅलरीत नाहीत आणि दुकानदाराकडेही नाहीत. ते पलंगाखालीच आहेत. मुलाचा खोकला वाढला आहे. कृपया लवकर या. एक हितचिंतक.'

"हे माळा, गॅलरी काय प्रकरण आहे?" सेक्रेटरींनी विचारलं. "मला काही उलगडा होत नाही."

तिला मात्र झाला, पण एका दमात नाही. आधी वाटलं, तिघं एकमेकांशी बोलले असतील. पण नणंद आणि नर्सबाई एकमेकींना ओळखतही नव्हत्या. नवरा बहिणीशी असल्या गोष्टी बोलत नसे. तिन्ही गोष्टी एकाच माणसानं ऐकल्या होत्या. नर्सबाई आल्या तेव्हा टेबलाच्या टोकाला कोण बसलं होतं? नणंदेला पाणी कुणी आणून दिलं? जेवताना समोर कोण होतं?

'कृपया लवकर या.' मोठी माणसं असं लिहीत नाहीत.

"डबे आहेत पलंगाखाली," ती म्हणाली. "उद्यापर्यंत हलवते. खरंच हलवते."

ती जिना चढून वर आली. दार उघडलं तेव्हा थोरली धाकट्याच्या बोटांवर वाळलेला रंग नखानं सोलून काढत होती. रोजचंच दृश्य. पण काचवाली उंबऱ्यातच थांबली आणि परक्याच्या मुलीकडे बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली. ही वाकून डबे मोजत होती. आपण तिघांना फसवत होतो तेव्हा ही मान खाली घालून गणितं करत होती, आणि ऐकत होती.

"शाळेत छापायला मिळतं का गं काही?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

थोरलीची बोटं थांबली. "वाचनालयात मिळतं. बाईंना सांगून."

"तू बाईंना काय सांगितलंस?"

"प्रकल्प आहे म्हणून."

धाकटा दोघींकडे आळीपाळीनं बघायला लागला. त्याला तिनं स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा देऊन बसवलं आणि परत आली.

"घरातली गोष्ट बाहेर नेलीस? माझं काम बंद पाडायचं होतं तुला? सगळ्या इमारतीत माझी शोभा केलीस!"

"मी तुला सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

"कधी?"

"तीनदा. डब्यावर लिहिलंय, बंद खोलीत वापरू नये, मुलांपासून लांब ठेवा. मी वाचून दाखवलं. तू म्हणालीस, हं. मग मी म्हटलं, हा खोकतोय. तू म्हणालीस, आठ तावदानं होऊ दे. मग मी एक दिवस खिडकी उघडली, तर तू ओरडलीस, धूळ बसेल म्हणून." तिचा आवाज चढला नाही, हे सगळ्यात वाईट होतं. "तू माझं ऐकत नव्हतीस. सेक्रेटरी काकांचं ऐकशील असं वाटलं."

काचवालीला 'हं' आठवलं. खरंच म्हटलं असणार, नक्षीवरून डोळे न उचलता. रोज शंभर वेळा म्हणत होती. खिडकीसुद्धा आठवली. ओरडली होती, आणि मग सगळा वेळ तावदानावरचा एक केस चिमट्यानं उचलत बसली होती.

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, आईला नको टेन्शन देऊस." मग थोरलीचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. "पण नर्स आजींना तू बोललीस ना, तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. मला भीती वाटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले." आणि ती रडायला लागली, अकरा वर्षांची मुलगी रडते तशी, नाक पुसत, शब्द गिळत.

काचवाली तिच्याजवळ गेली नाही. जावंसं वाटलं, पण राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि खोटं जवळ घेणं या मुलीला लगेच कळलं असतं. ती आत गेली. खिडकीची कडी रंगानं घट्ट बसली होती, ती दोन्ही हातांनी ओढून उघडली. वारा आला तशा फळ्यांवरच्या ओल्या काचांवर बारीक कण उतरताना तिला दिसले. सातवं आणि आठवं तावदान. तिनं बघितलं आणि बघू दिलं. मग पलंगाखालून डबे ओढायला लागली. तिसऱ्या डब्याला थोरली येऊन शेजारी बसली आणि चौथा ओढायला लागली.

नवरा आला तेव्हा दारात डब्यांची रांग होती. "हे तर दुकानदाराकडे होते ना?" तो म्हणाला. तिनं सगळं सांगितलं, तिघांत त्याचंही नाव होतं तेसुद्धा. तो बूट न काढताच खुर्चीत बसला. "माझ्यावर संशय घेतलास याचं काही नाही," शेवटी म्हणाला. "पण पोरगी माझ्याकडे आली होती, आणि मी तिला गप्प केलं." मग उठून त्यानं दोन्ही हातात दोन-दोन डबे घेतले. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक बिनवापराची खोली होती, तिची किल्ली सेक्रेटरींकडे असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गेली. नर्सबाईंनी दाराची साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"माझं चुकलं," काचवाली म्हणाली. पाठ केलेलं बाकीचं सगळं विसरली. "तक्रार तुमची नव्हती."

"माहीत होतं मला."

"थोरलीची होती."

"तेही माहीत होतं. महिन्याभरापूर्वी मला विचारायला आली होती, वासानं छाती खराब होते का म्हणून. मी म्हटलं, होते, आईला सांग. म्हणाली, सांगितलं. म्हटलं, परत सांग." नर्सबाई पुढे म्हणाल्या, "सेक्रेटरी कागद घेऊन फिरायला लागले तेव्हाच ओळखलं."

"मग जिन्यात माझं का ऐकून घेतलंत?"

"काय करायला हवं होतं? पोरीला तुझ्यासमोर उभी करायला हवी होती?"

काचवाली साखळीकडे बघत उभी राहिली.

"खरं म्हणजे मीच तुला स्पष्ट सांगायला पाहिजे होतं," नर्सबाई म्हणाल्या. "पण एकदा वासाचं बोलले, तर तू चार दिवस तोंड फिरवून जिना चढलीस. मी भ्याले. पोरगं यायचं बंद होईल म्हणून. ते तर झालंच." मग साखळीमागचा आवाज कोरडा झाला. "दुपारी त्याला पाठव. थोरली घेऊन येऊ दे. तू मात्र थोडे दिवस येऊ नकोस. जे बोललीस ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही."

दार लागलं. ती जिना चढून वर आली.

डॉक्टरीणबाईंना तिनं खरं ते सांगून दोन आठवडे वाढवून घेतले. त्या कुरकुरल्या, पण थांबल्या. समितीनं गच्चीवरची खोली वापरायला दिली. दारावर जाळी बसवायची आणि डब्यांची यादी सेक्रेटरींकडे द्यायची, अशा दोन अटी घातल्या. गच्चीवर ऊन रखरखीत, पाणी खालून न्यावं लागे, आणि धाकट्यानं हाक मारली तरी ऐकू येत नसे. काम निम्म्यावर आलं. टेबल मोकळं झालं. पहिल्या दिवशी चौघं त्यावर जेवायला बसले तेव्हा कुणाला कुठे बसायचं हेच कळेना.

धाकट्याचा खोकला जायला महिना लागला. नणंदेला काहीच माहीत नव्हतं. ती पुढच्या रविवारी आली, नाकाला पदर लावला, मग काढला आणि संशयानं चारी बाजूंनी हुंगत म्हणाली, "काय गं, काम बंद पडलं की काय?"

थोरलीशी सगळं सुरळीत झालं असं दिसत होतं. पण एका संध्याकाळी गच्चीवरून खाली आल्यावर काचवालीला ती टेबलाशी लिहिताना दिसली, वहीवर डावा हात आडवा टाकून. काय लिहितेय? कुणाला? पाय न वाजवता मागे जाऊन बघायचा मोह तिला इतका झाला की तिनं एक चप्पल काढूनसुद्धा ठेवली होती.

मग तिनं दुसरी चप्पल मुद्दाम आवाज करत काढली, समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"मला काही सांगायचंय का तुला?"

थोरलीनं वर पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर काय आहे ते ती बराच वेळ तपासत होती. तिचाही विश्वास अजून पुरता बसलेला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "पण मध्येच उठून जायचं नाही."

"नाही जात," काचवाली म्हणाली, आणि रंगानं माखलेले दोन्ही हात टेबलावर ठेवून ऐकायला लागली.